दख्खनचा सेनानी : मलिक अंबर

'नाका' हा शब्द तुम्ही रोज ऐकता. साकीनाका तर आपलाच. पण नाका म्हणजे काय, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? जिथून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवता येते, जिथे माल थांबवून जकात घेता येते, ती जागा म्हणजे नाका. नाका अडला की माणसे थांबतात, गाड्या थांबतात, धान्यही थांबते. साकीनाक्याच्या चौकात संध्याकाळी वाहनांची गर्दी झाली की काय होते, हे तुम्हांला सांगायला नको.

चारशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये एक सेनापती होऊन गेला. त्याने ही साधी गोष्ट युद्धात वापरली. शत्रू बलाढ्य असेल तर त्याच्यावर समोरून चालून जाऊ नये. त्याची वाट अडवावी, त्याचे धान्य अडवावे, हे त्याने ओळखले. त्याच्या या रीतीमुळे दिल्लीच्या बादशाहीला दख्खन जिंकता जिंकता कितीतरी वर्षे लागली. त्या सेनापतीचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबरचा जन्म दख्खनमध्ये झाला नव्हता. तो सुमारे १५४८ साली आफ्रिकेत, आजच्या इथिओपिया देशात जन्मला. त्या देशाला पूर्वी हबश म्हणत. म्हणून तिथल्या लोकांना आपल्याकडे हबशी हे नाव पडले. अंबरचे मूळ नाव चापू असे सांगतात. तो लहान असतानाच गुलाम म्हणून विकला गेला. आईबाप सुटले, गाव सुटले, नावही सुटले. तांबड्या समुद्रापलीकडे मोखा नावाचे बंदर आहे. तिथे त्याची विक्री झाली. पुढे बगदादमध्ये मीर कासिम नावाच्या मालकाकडे तो राहिला. या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. तिथून तो समुद्रमार्गे हिंदुस्थानात आला.

अहमदनगरला त्या वेळी निजामशाहीचे राज्य होते. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने अंबरला विकत घेतले. विशेष म्हणजे चंगीजखान स्वतःही हबशी होता आणि एके काळी गुलाम होता. त्याच्याजवळ सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. त्या काळी दख्खनमध्ये असे गुलाम घरकामासाठी घेतले जात नसत. त्यांना घोड्यावर बसणे, तलवार चालवणे, हिशेब ठेवणे शिकवले जाई. जो हुशार निघेल तो वर चढे. मालक मेला किंवा त्याने मुक्त केले की असा माणूस स्वतंत्र शिपाई म्हणून चाकरी शोधू शके. अंबर राज्यकारभार शिकला तो चंगीजखानाजवळ. चंगीजखान १५७५ च्या सुमारास मरण पावला. त्याच्या विधवा पत्नीने अंबरला मुक्त केले.

अंबर आता कोणाचाच गुलाम नव्हता. पण त्याच्याजवळ जमीन नव्हती, नातेवाईक नव्हते, वतन नव्हते. त्याने पुढची वीस वर्षे शिपाईगिरीत काढली. काही काळ तो विजापूरच्या आदिलशाहीत होता. तिथे त्याला मलिक हा किताब मिळाला आणि दीडशे घोडेस्वारांची एक तुकडी त्याच्या हाताखाली आली. १५९५ च्या सुमारास तो आपले स्वार घेऊन निजामशाहीत परत आला. याच सुमारास दख्खनवर मोठे संकट कोसळले.

ते संकट म्हणजे मुघलांची स्वारी. १५९५ च्या अखेरीस अकबर बादशहाच्या फौजेने अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला. त्या काळच्या लढाईची एक ठरलेली रीत होती. मोठी फौज यायची, किल्ल्याभोवती मोर्चे बांधायची, तोफा लावायची. तटाखाली भुयार खणून त्यात बारूद भरायची आणि तट उडवून द्यायची. याला सुरुंग लावणे म्हणतात. किल्ल्यात चांदबिबी होती. तिच्या माणसांनी शत्रूचे काही सुरुंग हुडकून काढले आणि त्यातली बारूद काढून घेतली. तरी एक सुरुंग उडाला व तटाला खिंडार पडले. चांदबिबीने स्वतः उभे राहून रातोरात ते बुजवून घेतले. मुघलांना तह करावा लागला. पण १६०० साली ते पुन्हा आले. किल्ल्यातल्याच लोकांनी चांदबिबीचा खून केला. तट पुन्हा सुरुंगाने उडाला आणि अहमदनगर पडले.

राजधानी गेली, बादशहा कैद झाला. सगळ्यांना वाटले, निजामशाही संपली. मलिक अंबरला तसे वाटले नाही. त्याने परांड्याच्या किल्ल्यात निजामशाही घराण्यातल्या एका तरुणाला गादीवर बसवले. मुर्तजा निजामशहा हे त्याचे नाव. अंबरने आपली मुलगी त्याला दिली. १६०७ साली त्याने जुन्नर येथे राजधानी नेली आणि १६१० साली दौलताबादला. एव्हाना दीडशे स्वारांचा सरदार साऱ्या राज्याचा वजीर झाला होता. मात्र तो स्वतः गादीवर कधीच बसला नाही. नाणी निजामशहाची, राज्य निजामशहाचे. कारभार आणि फौज मात्र अंबरची.

आता प्रश्न असा होता की मुघलांशी लढायचे कसे? मुघलांची फौज आपल्या डोळ्यांसमोर आणा. चिलखत घातलेले हजारो घोडेस्वार, हत्ती, बैलांनी ओढलेल्या जड तोफा. त्यांच्या मागे तंबू, नोकरचाकर, दुकानदार आणि भरलेला बाजार. मुघल छावणी म्हणजे चालते-फिरते शहरच. सपाट मैदानात या फौजेसमोर उभे राहणे कठीण होते. पण शहराला रोज खायला लागते. हजारो माणसांना धान्य, हजारो जनावरांना वैरण आणि पाणी लागते. हे धान्य बंजारे लोक बैलांच्या पाठीवरून दूरदूरून आणत. म्हणजे मुघल फौजेचे बळ तिच्या आकारात होते आणि तिचे दुबळेपणही तिथेच होते. अंबरने नेमके हे दुबळेपण हेरले.

दख्खनचा मुलूख डोंगरदऱ्यांचा. घाट अरुंद, पावसाळ्यात नद्यानाल्यांना पूर, काळ्या जमिनीत चाक रुतून बसते. हा मुलूख पायाखाली असलेले लोक म्हणजे मराठे. त्यांचे घोडे लहान पण चिवट. स्वारांजवळ सामान थोडे. सोबत तंबू नाही, बाजार नाही. अंबरने अशा मराठा स्वारांना हजारांनी आपल्या फौजेत घेतले. १६१० च्या सुमारास हिंदुस्थानात असलेल्या विल्यम फिंच नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की अंबरजवळ दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी सैनिक होते.

या स्वारांचे काम काय? शत्रू पुढे आला की त्यांनी मागे सरायचे. शत्रू थांबला की भोवती घिरट्या घालायच्या. गवत जाळायचे, धान्याचे बैल पळवायचे, रात्री छावणीवर बाण सोडायचे. शत्रू चिडून अंगावर आला की पुन्हा पांगायचे. मग तो थकून परत फिरला की त्याचा पाठलाग करायचा. मराठीत या रीतीला गनिमी कावा म्हणतात. फारसी इतिहासकार तिला बर्गीगिरी म्हणत. मित्रांनो, हे शब्द नीट पाहा. गनीम म्हणजे शत्रू, हे तुम्हांला उर्दूमुळे लगेच समजेल. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा व हत्यारे आणी तो शिलेदार. हा शब्द सिलाहदार या शब्दावरून आला. रसद, फौज, सरदार, तोफ हे शब्दही मराठीत असेच आले. एकाच छावणीत हबशी, मराठे, दख्खनी मुसलमान एकत्र राहत होते. छावणीत त्यांच्या भाषाही एकमेकींत मिसळल्या.

ही रीत किती उपयोगी पडली ते पाहा. १६१० साली मुघल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान पुरेशी रसद न घेता पावसाळ्यातच अंबरवर चालून आला. वाटेत धान्य मिळेना, चारा मिळेना. जनावरे मरू लागली. शेवटी खानखानानला माघार घ्यावी लागली आणि अंबरने अहमदनगरचा किल्ला परत घेतला. पुढच्याच वर्षी मुघलांनी दोन बाजूंनी दोन फौजा पाठवण्याचे ठरवले. एक गुजरातेतून, दुसरी वऱ्हाडातून. दोघींनी एकाच वेळी पोहोचायचे होते. पण गुजरातेतून निघालेला अब्दुल्लाखान विजयाच्या घाईत एकटाच पुढे आला. अंबरच्या स्वारांनी त्याला दिवसरात्र सतावले. अब्दुल्लाखान मागे फिरला, तेव्हा त्याचा मोठा पाठलाग झाला. अली मर्दानखान नावाचा शूर मुघल सरदार जखमी होऊन अंबरच्या हाती लागला. अंबरने त्याच्यावर हकीमांकडून उपचार करवले. पण तो वाचला नाही.

मलिक अंबर नेहमीच जिंकला असे मात्र समजू नका. त्या काळी सरदार आपला धनी बदलत. शिपाई ज्याचे मीठ खाई त्याच्याशी त्याने इमान राखावे, असे सगळेच म्हणत. पण धन्याने अपमान केला, पगार थकवला किंवा वतन काढून घेतले तर सरदार आपली माणसे घेऊन दुसऱ्याकडे जाई. दोन्ही फौजांत हिंदू होते, दोन्ही फौजांत मुसलमान होते. कोण कोणत्या बाजूला आहे हे त्याच्या धर्मावरून सांगता येत नसे. १६१६ साली काही मराठा सरदार अंबरला सोडून मुघलांना मिळाले. त्यांच्या मदतीने खानखानानचा मुलगा शाहनवाजखान चालून आला. जालन्याजवळ रोशनगाव येथे अंबर उघड्या मैदानात लढला आणि हरला. मुघलांनी त्याचे खडकी हे शहर जाळून उद्ध्वस्त केले.

याच सुमारास मुघल दरबारात अबुल हसन या प्रसिद्ध चित्रकाराने एक चित्र काढले. चित्रात जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. त्याच्या हातात धनुष्य आहे आणि भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या मस्तकावर तो बाण सोडतो आहे. खरी गोष्ट काय होती? अंबरचे मस्तक अंबरच्या खांद्यावरच होते. जहांगीरने त्याला प्रत्यक्ष कधी पाहिलेही नाही. ज्या शत्रूला पकडता आले नाही, त्याला बादशहाने चित्रात मारले! आपल्या आठवणींच्या ग्रंथातही जहांगीरने अंबरचा उल्लेख जागोजाग रागाने केला आहे. हे चित्र आज आयर्लंडमधील डब्लिन शहरात एका संग्रहालयात आहे.

जळालेली खडकी अंबरने पुन्हा उभी केली. शहराला पाणी हवे म्हणून त्याने जमिनीखालून नहर आणली. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. तिचे अवशेष आजही दिसतात. जमीन महसुलातही त्याने मोठी सुधारणा केली. जमीन चांगली की हलकी ते पाहून, पीक किती येते ते पाहून सारा ठरवला जाऊ लागला. यामुळे शेतकऱ्याला आपल्याला किती द्यायचे आहे हे आधी कळू लागले. अंबरने हे का केले असेल बरे? त्याच्या लढाईची रीत आठवा. त्याच्या स्वारांजवळ बाजार नव्हता. त्यांना भाकरी गावातून मिळे, शत्रूची बातमी गावातून मिळे, लपायला जागा गावातच मिळे. गाव उठले तर फौज उपाशी. म्हणून गाव टिकवणे हा त्याच्या युद्धाचाच भाग होता.

तरीही एक गोष्ट विसरू नये. शत्रूला मिळू नये म्हणून जे गवत जाळले जाई ते कोणत्या तरी शेतकऱ्याच्या गुरांचे होते. ज्या धान्यासाठी दोन फौजा भांडत ते कोणी तरी पेरले होते. गनिमी काव्याने राज्य वाचले, पण त्याची किंमत खेड्यांनीही मोजली. याच काळात, १६१८ पासून १६४८ पर्यंत, युरोपात तीस वर्षांचे युद्ध चालू होते. तिथेही फौजा खेड्यांवरच जगत आणि खेडी ओस पडत. त्या काळी युद्ध रणांगणावर जितके होई, त्याहून जास्त शेतात आणि कोठारात होई.

आता अंबरच्या सर्वांत मोठ्या विजयाकडे वळू. १६२४ साली त्याचे वय पंचाहत्तरच्या पुढे गेले होते. या वेळी मुघल आणि विजापूरची आदिलशाही असे दोघेही त्याच्याविरुद्ध एक झाले. अंबरने समोर जाऊन लढण्याची घाई केली नाही. तो मागे सरत सरत अहमदनगरजवळ भातवडी या गावी आला. तिथे एक तलाव होता. अंबरने तलावाचा बांध फोडला. पाणी रस्त्यांवर पसरले, त्यात पाऊस पडला. जिकडेतिकडे चिखल झाला. शत्रूच्या तोफा आणि हत्ती जागच्या जागी अडकले. धान्य येईना. रात्री अंबरचे स्वार छापे घालत, त्यामुळे झोपही मिळेना. भुकेने आणि भीतीने शत्रूचे शिपाई छावणी सोडून पळू लागले. काही तर अंबरलाच येऊन मिळाले. शत्रू असा खिळखिळा झाल्यावरच अंबरने जोराचा हल्ला केला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. मुघलांचा लष्करखान व इतर अनेक सरदार कैद होऊन दौलताबादच्या किल्ल्यात गेले.

या लढाईत अंबरच्या बाजूने एक तरुण मराठा सरदार मोठ्या शौर्याने लढला. ते होते शहाजीराजे भोसले, म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी याच लढाईत मारले गेले. शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव मात्र मुघलांच्या बाजूला होते. एकाच घरातली माणसे दोन छावण्यांत कशी असत, हे यावरून दिसते. लढाईनंतर थोड्याच काळात शहाजीराजेही अंबरला सोडून विजापूरला गेले. अंबरने मोठी माणसे जवळ केली, पण सर्वांना शेवटपर्यंत जवळ ठेवणे त्याला जमले नाही.

१६२६ साली मलिक अंबर मरण पावला. त्याला खुलदाबाद येथे दफन केले गेले. त्याच्या मृत्यूनंतर मुघल दरबारातल्याच एका इतिहासकाराने त्याची मोकळ्या मनाने स्तुती लिहिली. युद्धात, हुकमतीत आणि कारभारात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, आणि गुलामगिरीतून इतका वर चढलेला माणूस इतिहासात आढळत नाही, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. शत्रूने केलेली स्तुती खरी असते, असे म्हणतात ते उगाच नाही.

अंबरमागे त्याचा मुलगा फतेहखान वजीर झाला. त्याला बापासारखी फौज आणि माणसे सांभाळता आली नाहीत. १६३३ साली दौलताबादचा किल्ला मुघलांच्या हाती गेला. शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातले एक लहान मूल गादीवर बसवून, अगदी अंबरसारखेच, आणखी तीन वर्षे मुघलांशी झुंज दिली. १६३६ साली निजामशाही कायमची संपली. परंतु लढण्याची ती रीत संपली नाही. १६३० साली जुन्नरजवळच्या शिवनेरी किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला होता. त्यांनी गनिमी काव्याला किल्ल्यांची आणि आरमाराची जोड दिली. १६६१ साली खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत त्यांनी कारतलबखानाची मुघल फौज अशीच अरुंद वाटेत अडवून शरण आणली.

अंबरने वसवलेल्या खडकीला पुढे फतेहनगर आणि मग औरंगाबाद हे नाव मिळाले. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. तुम्ही कधी वेरूळची लेणी पाहायला गेलात, तर तिथून जवळच असलेल्या खुलदाबादला अवश्य जा. तिथे एक साधी, भक्कम कबर आहे. ज्याला लहानपणी बाजारात विकले गेले, ज्याचे स्वतःचे गाव हजारो मैल दूर राहिले, त्याने या मातीतले घाट, नद्या, पाऊस आणि माणसे इतकी ओळखून घेतली की ही मातीच त्याच्या बाजूने लढली.

शब्दार्थ

माघार घेणे – मागे फिरणे
वैरण – जनावरांचा चारा
खिंडार – भिंतीला पडलेले मोठे भोक
हेरणे – बारकाईने पाहून ओळखणे
सारा – शेतजमिनीवरचा कर
खिळखिळा होणे – आतून कमजोर होणे
पायाखाली असणे – चांगली माहिती असणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मलिक अंबरला लिहायला-वाचायला कोणी शिकवले?
(आ) १६०७ साली अंबरने राजधानी कोठे नेली?
(इ) भातवडीच्या लढाईत शहाजीराजांचे कोण मारले गेले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुघल फौजेचे बळ तिचे दुबळेपण कसे ठरले?
(आ) शेतकऱ्यांना सांभाळणे हा अंबरच्या युद्धाचा भाग का होता?
(इ) जहांगीरच्या चित्रावरून त्याच्या मनाबद्दल तुम्हांला काय वाटते?

३. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द या पाठातून शोधून लिहा.

४. गनिमी काव्यामुळे राज्य वाचले, पण खेड्यांनाही त्रास झाला. याविषयी तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.